सुटकेचा खेळ आणि उघडे दार

पैसे मोजून स्वतःला कोंडून घ्यायचे आणि मग तेथून सुटण्यासाठी तासभर धडपडायचे, हा करमणुकीचा प्रकार मागच्या पिढीला निव्वळ विक्षिप्तपणाचा वाटला असता. मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली अशा शहरांत तो गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. ‘एस्केप रूम’ या इंग्रजी नावानेच तो ओळखला जातो. मराठीत त्याला सुटकेची खोली म्हणता येईल. महाविद्यालयातील मित्र, एका कचेरीतील सहकारी किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने जमलेली मुले असा चार-सहा जणांचा गट तेथे जातो. मोबाईल आणि पिशव्या बाहेर ठेवून घेतल्या जातात. खोलीचे कथानक थोडक्यात सांगितले जाते: येथे कोणा शास्त्रज्ञाचा खून झाला आहे, किंवा ही तुरुंगातील कोठडी असून पहारेकरी तासाभराने परतणार आहे. मग दार लागते, भिंतीवरचे घड्याळ साठ मिनिटांपासून उलटे धावू लागते, आणि आतल्या मंडळींनी चित्रे, पुस्तके, पेट्या, आरसे, जुनी पत्रे यांतून आकडे आणि किल्ल्या शोधत एकेक कुलूप उघडत जायचे असते. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला हे वातावरण अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, येथे वाचकालाच कथेत ढकलून दिलेले असते.

पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाची पहिली दहा मिनिटे बहुधा गोंधळात जातात. सर्वजण एकाच वेळी बोलतात, एकच खण तिघेजण तीनदा उघडून पाहतात, आणि हाती लागलेली किल्ली कोणीतरी खिशात टाकून विसरून जातो. नेतृत्व ज्याचे म्हणून सर्वांनी गृहीत धरलेले असते, तो बऱ्याचदा केवळ आवाज चढवतो. कोपऱ्यात उभी राहून चित्रांचा क्रम न्याहाळणाऱ्या मुलीला मात्र कुलपाचा आकडा सापडून जातो. बाहेर बसलेला सूत्रधार हे सारे कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि गट फारच अडखळला तर एखादी खूण देतो. स्कॉट निकल्सन या कॅनडातील विद्यापीठात शिकवणाऱ्या अभ्यासकाने २०१५ साली जगभरच्या अशा १७५ केंद्रांची माहिती गोळा केली होती. तिच्यावरून असे दिसते की, दहांपैकी सुमारे चारच गट दिलेल्या वेळात सुटतात. म्हणजे हरणे हाच येथला सामान्य अनुभव आहे. आणि तरीही हरलेले गट हसत बाहेर येतात, पुढचे अर्धा तास ‘ते घड्याळ आधीच पाहायला हवे होते’ यावर वाद घालतात, आणि पुढच्या खेपेला नव्या मित्रांना घेऊन येतात.

या खेळाची जन्मकथाही लक्षात घेण्याजोगी आहे. संगणकावर बंद खोलीतून सुटण्याचे खेळ आधीच लोकप्रिय झाले होते. तोशिमित्सु ताकागी या जपानी रचनाकाराचा २००४ सालचा ‘क्रिमझन रूम’ हा त्यांतील विशेष गाजलेला. २००७ साली क्योटो शहरात ताकाओ कातो यांनी हाच प्रकार पडद्यावरून उचलून खऱ्याखुऱ्या जागेत आणला. युरोपात तो रुजला बुडापेस्टमध्ये. तेथे २०११ साली अत्तिला ग्युर्कोविच यांनी एका जुन्या इमारतीच्या तळघरात असे केंद्र उघडले. कामात माणूस इतका तल्लीन होतो की त्याला काळाचे भान उरत नाही, या मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धांताचा त्यांच्यावर प्रभाव होता. पुढे हे लोण अमेरिका, आशिया आणि आपल्यापर्यंत पोचायला फार वर्षे लागली नाहीत. नवी करमणूक म्हटली की ती माणसाला खुर्चीवरून उठवून पडद्यासमोर बसवणार, असा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव आहे. येथे प्रवास उलट दिशेने झाला. संगणकासमोर एकेकटी बसलेली माणसे उठून एका खोलीत जमली. या एका गोष्टीसाठी तरी या खेळाकडे उपेक्षेने पाहू नये.

शिक्षकांनी तर त्याकडे थोडे कुतूहलानेच पाहावे. आपल्या शाळांतून मुलाला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते ते हे की, उत्तर स्वतःचे स्वतः काढावे, शेजाऱ्याला दाखवू नये आणि शेजाऱ्याचे पाहू नये. परीक्षागृहात जो अपराध, तो या खोलीत सद्गुण ठरतो. येथे कळलेली गोष्ट मनात ठेवणारा साऱ्या गटाला बुडवतो; अर्धवट, वेडगळ वाटणारी कल्पना मोठ्याने बोलून दाखवणारा अनेकदा तारतो. गणितात पहिला येणारा मुलगा दोन आकड्यांच्या बेरजेत गुंतून पडलेला असताना, वर्गात कधी हात वर न करणाऱ्याला गालिचाची उलटी बाजू पाहण्याची बुद्धी होते. मैत्रीचीही एक परीक्षा होऊन जाते. वर्षानुवर्षे चहाच्या टेबलाशी बसणाऱ्या मित्रांनी एकमेकांना अडचणीत वागताना क्वचितच पाहिलेले असते. कोण घाबरतो, कोण दुसऱ्याचे श्रेय घेतो, कोण चूक झाल्यावर विनोद करून ताण हलका करतो, हे एका तासात उमगते. खाजगी कंपन्यांनी हे हेरले आणि कर्मचाऱ्यांत ‘संघभावना’ जोपासण्यासाठी त्यांना अशा खोल्यांत धाडण्यास आरंभ केला. साहेबांसह कोंडले जाण्यात कारकुनाला कितपत करमणूक वाटत असेल, हा प्रश्न वेगळा.

परंतु खेळाचे हे गुण मान्य केल्यावर त्याच्या मुळाशी असलेल्या कराराकडे वळावे लागते, कारण या प्रकरणातील खरा सार्वजनिक प्रश्न तेथे आहे. जो माणूस आत जातो, तो दार बंद आहे असे मानण्याचे कबूल करतो. जो त्याला आत घेतो, तो ते दार वास्तविक बंद नसेल अशी हमी देतो. ही हमी बहुतेक वेळा बोलून दाखवली जात नाही, लिहून तर त्याहून क्वचित दिली जाते. बंदिवासाचा आभास विकत घेतला जातो, बंदिवास नव्हे. मराठी वाचकाला येथे महाभारतातील लाक्षागृह आठवल्यावाचून राहणार नाही. ज्वालाग्राही पदार्थांनी बांधलेल्या त्या घरात पांडव राहिले खरे, पण विदुराने त्यांना आधीच सावध केले होते आणि त्याने धाडलेल्या खनकाने भुयारही खणून ठेवले होते. घराला आग लागली तेव्हा बाहेर जाण्याची वाट त्यांना ठाऊक होती. ज्यांना ती ठाऊक नव्हती, ती निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र तेथेच जळून गेले. त्यांच्या वाट्याला कथेत फारशा ओळी आलेल्या नाहीत.

४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राजवळच्या कोशालिन गावात नेमके हेच घडले. पंधरा वर्षांच्या पाच मैत्रिणी त्यांच्यातील एकीचा वाढदिवस साजरा करण्यासाठी सुटकेच्या खोलीत गेल्या होत्या. बाहेरच्या स्वागतकक्षात उष्णतेसाठी ठेवलेल्या उपकरणाच्या सिलिंडरमधून वायू गळला आणि आग लागली. बाहेर जाण्याची वाट त्याच स्वागतकक्षातून होती. तेथे असलेला तरुण कर्मचारी स्वतः भाजला आणि मुलींपर्यंत पोचू शकला नाही. पाचही मुली कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मरण पावल्या. सुटकेची योग्य वाट त्या जागेला नव्हती, ही गोष्ट तपासाच्या पहिल्याच टप्प्यात उघड झाली. पोलंडमध्ये त्या वेळी अशा खोल्यांची संख्या हजाराच्या घरात होती. देशभर तपासणी सुरू झाली आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच तेरा ठिकाणे बंद करावी लागली. हा खेळ तेथेही वर्षानुवर्षे चालू होता. तो कोणत्या नियमाखाली मोडतो, याचा विचार मात्र पाच मुलींच्या मृत्यूनंतर झाला.

या घटनेतील एक तपशील विशेष विदारक आहे. आतील खेळाडूला, विशेषतः पहिल्यांदा आलेल्या मुलाला, खरा धोका आणि रचलेला धोका यांतील भेद कळण्याचे साधन नसते. दिवे जाणे, धूर येणे, दारावर थापा पडणे, कोणीतरी ओरडणे हे अनेक खोल्यांत कथानकाचेच भाग असतात. चित्रपटगृहात धूर दिसला तर प्रेक्षक उठतो. येथे धूर दिसला तर खेळाडू कदाचित ‘पुढचा सुगावा हाच’ असे समजेल. शिवाय संकटात माणूस ज्याचा आधार घेतो तो मोबाईल बाहेरच्या कप्प्यात असतो. आणि ज्या एका माणसाला आतले सर्व दिसते, तो सूत्रधार अनेकदा एकाच वेळी दोन-तीन खोल्यांवर लक्ष ठेवत असतो, दाराशी आलेल्या पुढच्या गटाचे पैसेही घेत असतो. म्हणून अन्य कोणत्याही करमणुकीच्या जागेपेक्षा येथे नियम अधिक कडक हवेत. प्रत्यक्षात ते अधिक सैल असतात, कारण ही जागा बाहेरून चित्रपटगृहासारखी दिसत नाही. ती एखाद्या व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावरचा गाळा असते, किंवा तळघर, किंवा जुन्या बंगल्याचा मागचा भाग.

आपल्याकडे सुटकेच्या खोल्यांचे वेगळे अपघात चर्चेत आले नाहीत म्हणून निश्चिंत राहावे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या करमणुकीच्या इतर जागांचा इतिहास चाळावा. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण मरण पावले. सज्जातून बाहेर पडण्याची वाट जादा खुर्च्यांनी अडवली होती. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. तेथेही वाढदिवसासाठी जमलेली मंडळी होती. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील खेळांच्या केंद्रात सुट्टीतला शनिवार आणि तिकिटाची सवलत यांमुळे मुलांची गर्दी होती. आगीत २७ जणांचा बळी गेला. त्या केंद्रापाशी अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेऊन ही आपत्ती प्रथमदर्शनी मानवनिर्मित असल्याचे म्हटले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील रात्रीच्या क्लबात २५ जण मेले आणि त्यांतले बहुतेक तेथे काम करून पोट भरणारे होते. जागा निराळ्या, निमित्ते निराळी. बाहेर पडण्याची वाट अडलेली, अपुरी किंवा चिंचोळी असणे ही गोष्ट मात्र पुन्हापुन्हा समोर येते.

कायदा नाही असे मुळीच नाही. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, तिच्या २०१६ च्या आवृत्तीतही, एक साधे वाक्यभराचे सूत्र आहे: बाहेर पडण्याचे दार आतल्या माणसाला किल्लीवाचून उघडता आले पाहिजे. किल्ली शोधणे हाच ज्या खेळाचा प्राण, त्याच्यासाठी जणू मुद्दाम लिहिले असावे असे हे सूत्र आहे! अर्थात ही संहिता स्वतः कायदा नव्हे. राज्य आणि नगरपालिका आपल्या नियमांत ती स्वीकारतील तितकेच तिला बळ. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन सादर करावयाचे असते. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसंबंधी नियम करण्याचा आणि परवाने देण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३३ व्या कलमाने पोलीस आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे.

साधने आहेत, अडचण आहे ती वर्गवारीची. चार-सहा माणसांची खोली म्हणजे गर्दीची जागा नव्हे, असा युक्तिवाद सहज करता येतो. गाळा ‘दुकान’ म्हणून नोंदलेला असतो, आत भिंती मात्र प्लायवूडच्या, छत थर्माकोलचे, जागोजाग लपवलेल्या तारा आणि तीन खोल्यांचे पाच केलेले. मूळ इमारतीला मिळालेला दाखला या आतल्या बदलांबद्दल काहीच सांगत नाही. प्रमाणपत्र देणारे अभिकरण मालकाने नेमलेले आणि मालकाच्याच पैशाने चालणारे असते, ही व्यवस्थेतील दुसरी गोम. नळकांडे भरलेले आहे, फवारा चालतो, एवढे ते पाहील. आत कोंडलेल्या मुलीला अंधारात दाराची कडी सापडेल का, हे पाहण्याचे त्याला कोणी सांगितलेले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. नवा नियम म्हणजे नवा निरीक्षक, नवा निरीक्षक म्हणजे नवा हप्ता, हे सूत्र आपल्याकडे अनुभवाने सिद्ध झाले आहे. अशी केंद्रे चालवणारे बरेचसे तरुण स्वतःची पुंजी घालून, स्वतः कोडी रचून हा धंदा करतात. २०२० साली मार्चमध्ये साऱ्या देशालाच घराघरांत कोंडून घ्यावे लागले, तेव्हा कोंडण्याचा खेळ विकणाऱ्यांवर केंद्रांना कुलूप घालण्याची पाळी आली. जी टिकली ती जेमतेम टिकली. त्यांच्यावर वीस दाखल्यांचे ओझे लादले तर प्रामाणिक माणूस धंदा सोडील आणि पैसे चारणारा उरेल. आगीनंतरची आपली सरकारी रीतही ठरलेली आहे: पंधरा दिवस धडाक्याची तपासणी, वृत्तपत्रांत बंद केलेल्या जागांचे आकडे, अहवालासाठी समिती, आणि पुढच्या आगीपर्यंत शांतता. राजकोटनंतर इतर शहरांतही हेच दृश्य दिसले. बंदी घालण्याची हाकही अशा वेळी उठते. ती सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी. मैदाने बिल्डरांच्या घशात गेलेल्या शहरात तरुणांनी एकत्र जमून डोके चालवण्याची एक जागा त्यामुळे कमी होईल, इतकेच.

तेव्हा नियम थोडे असावेत, पण दाराविषयीचे असावेत. विजेवर चालणाऱ्या कुलपांचे दोन प्रकार आहेत. चुंबकी कुलूप वीज आहे तोवरच दार धरून ठेवते; वीज गेली की दार आपोआप मोकळे होते. दुसऱ्या प्रकारात वीज गेली तरी खीळ जागेवरच राहते; बँकेच्या तिजोरीच्या खोलीला तो योग्य, माणसे कोंडण्याच्या खोलीला घातक. दुसरा प्रकार या केंद्रांच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर वर्ज्य ठरवणे, दाराशेजारी ठळक रंगाचे बटण सक्तीचे करणे, धोक्याचा इशारा होताच सर्व दारे एकदम सुटतील अशी जोडणी मागणे, स्वागतकक्षात उघडी ज्योत आणि वायूची नळकांडी यांना मज्जाव करणे, आणि आत माणसे असताना सूत्रधाराने जागा सोडू नये असे बंधन घालणे, यांसाठी नवे खाते उघडावे लागत नाही. अग्निशमन दलाच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते. तपासणीही अवघड नाही: अधिकाऱ्याने मित्रांच्या गटासारखे आत जावे, खेळ सुरू करावा आणि बाहेरच्या माणसाला मुख्य कळ पाडायला सांगावी. दार उघडते की नाही, हे त्याला तेव्हाच कळेल.

चांगली केंद्रे आजही हे करतात. काही ठिकाणी तर दाराला कुलूपच नसते; ‘हवे तेव्हा बाहेर या, घड्याळ मात्र थांबणार नाही’ असे आधीच सांगितले जाते, आणि त्यामुळे खेळाची रंगत तसूभरही कमी होत नाही. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आणि मुलांना वाढदिवसाला पाठवणाऱ्या पालकांनी तिकिटाचे पैसे हातात ठेवण्याआधी मोजके प्रश्न विचारायला हरकत नाही: वीज गेली तर कुलूप उघडते की तसेच राहते? दुसरी वाट कोठे आहे? आत किती खोल्या आणि त्यांवर लक्ष ठेवायला किती माणसे? ज्या केंद्रात या प्रश्नांना हसून ‘असे काही होत नाही’ हे उत्तर मिळते, तेथून मुलांना घेऊन जिन्याने खाली उतरावे.